पाऊल आणि हाव : डोपामिनविषयी वाचकांचे प्रश्न

मेंदूतली संदेशवाहक रसायनं आणि त्यांचं आपल्या हालचालींशी, सवयींशी असलेलं नातं यावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत पत्रं आली. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. गोळ्यांचे आकडे दिले आहेत ते तुमच्या हातातलं पाकीट तुम्हाला नीट वाचता यावं म्हणून. गोळी वाढवणं, कमी करणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं मुलं मोबाईलवर वाचतात. तेच कमी पडलं की कंपवात (पार्किन्सन) होतो, हेही वाचतात. एकच रसायन इतकी वेगळी कामं कशी करतं? (एक शिक्षिका, फोंडा)

रसायनाला स्वतःचा असा काही अर्थ नसतो. ते कुठल्या पेशीनं कुठे सोडलं आणि ते घेणाऱ्या पेशीवर कुठला रिसेप्टर, म्हणजे रसायन बसायची जागा, आहे यावर काम ठरतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांत मध्यमेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी जेमतेम चार ते सहा लाख. पण एकेकीच्या फांद्या लाखो ठिकाणी पोचतात, म्हणून इतक्या थोड्या पेशी मेल्या तरी सगळं शरीर अडतं.

या पेशींचे दोन गट लक्षात ठेवा. पहिला सबस्टॅन्शिया नायग्रा, शब्दशः काळा पदार्थ. मेंदू कापून पाहिला तर तो भाग खरोखरच काळसर दिसतो आणि कंपवाताच्या रुग्णात फिकट पडलेला असतो. याचे तंतू मेंदूच्या तळातल्या स्ट्रायटम नावाच्या गाठीच्या वरच्या भागात जातात आणि हालचाल सांभाळतात. दुसरा गट त्याच्या शेजारीच आहे. त्याचे तंतू स्ट्रायटमच्या खालच्या भागात, न्यूक्लियस अक्युम्बन्समध्ये जातात. एखाद्या गोष्टीची ओढ वाटणं, तिच्यासाठी खटपट करणं, हे तिथलं काम.

स्ट्रायटम काय करतं हे समजायला खाजन शेतीच्या बांधावरची मानस, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं दार, आठवा. भरतीचं पाणी रेटा देतं तोवर तिचं दार बंद असतं. आपल्या हालचालींचंही दार एरवी बंदच असतं : मेंदूच्या तळातल्या गाठी गाबा नावाच्या रसायनानं थॅलॅमसला, म्हणजे हालचालीचा संदेश पुढे पाठवणाऱ्या भागाला, सतत दाबून धरतात. हात उचलायचा ठरलं की तेवढ्याच हालचालीपुरता हा दाब उठतो. डोपामिन हे दोन बाजूंनी घडवतं. डी-१ रिसेप्टर असलेल्या पेशींना ते चेतवतं, त्या दार उघडतात. डी-२ असलेल्या पेशींना ते शांत करतं, कारण त्या दार लावणाऱ्या. डोपामिन आटलं की दार लावणाऱ्या पेशी जोरात आणि उघडणाऱ्या दुबळ्या. मग इच्छा असूनही हात उठायला वेळ लागतो, पाऊल आखूड पडतं, अक्षर बारीक होत जातं.

आता ‘आनंदाचं रसायन’ या शब्दाकडे. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास पूर्ण नष्ट केलं, त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी टाकलं तर ते चव आवडल्याचे सगळे हावभाव करतात. पण समोर अन्न ठेवलं तर उठून खात नाहीत, उपाशी राहतात. चव घेण्याचं सुख बरंचसं शाबूत होतं. गेली होती ती उठून त्या सुखाकडे जाण्याची ताकद. म्हणून मुलांना सांगताना ‘आनंदाचं’ ऐवजी ‘पाऊल उचलायला लावणारं’ रसायन म्हणा. पायाचं पाऊल आणि मनाचं पाऊल, दोन्ही. या सदरातले पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या दोघांच्या शेजारामुळेच उभे राहिले आहेत.

आठवडाभर मोबाईल बंद ठेवून ‘डोपामिन डिटॉक्स’ केला तर मेंदू पूर्ववत होतो का? (कॉलेजची विद्यार्थिनी, मडगाव)

डोपामिन विष नाही, त्याचा निचरा करायचा नसतो. पण मोबाईल सुटत नाही ही तुमची अडचण खरी आहे आणि तिचं कारण नीट माहीत आहे.

सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो. तुम्ही पाव अजून पाहिलेलाही नसतो, तरी पाय दाराकडे वळतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत हेच मोजलं. सुरुवातीला फळांच्या रसाचा थेंब तोंडात पडला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकड शिकलं, तशी उसळी दिव्याकडे सरकली आणि रसाच्या वेळी काहीच होईना. दिवा लावून रस दिला नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही मंद झाल्या. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की उसळी, कमी मिळालं की घसरण, आणि त्यावरून मेंदू शिकतो.

पोदेर रोज येतो, म्हणून त्याच्या भोंग्याचं व्यसन लागत नाही. मोबाईलवर बोट फिरवलं की कधी काहीच नसतं, कधी मैत्रिणीचा निरोप असतो. अंदाज कधीच पक्का बसत नाही, त्यामुळे उसळी कधीच पूर्ण विरत नाही. मांडवीतल्या कॅसिनोंच्या जहाजांवरची यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

उपाय यातूनच निघतो : खूण तोडा. सूचनांचे आवाज आणि ॲपच्या कोपऱ्यातले लाल आकडे बंद करा. निरोप दिवसातून तीन ठरलेल्या वेळीच पाहा, म्हणजे त्यातली अनिश्चितता जाईल. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गजराला साधं घड्याळ आणा. आठवडाभर सगळं बंद ठेवून आठव्या दिवशी त्याच खुणा परत सुरू केल्या तर शिकलेली ओढही परत येते, कारण ती मोडलेली नसते, नुसती झाकलेली असते.

बाबांना (६८) कंपवातासाठी लेव्होडोपाची गोळी चालू आहे. सकाळी चांगली लागू पडते, दुपारी जेवणानंतर काही केल्या लागू पडत नाही. मासे बंद करावेत का? आणि खाजकुयलीच्या बियांची पूड गोळीऐवजी चालेल का? (डिचोली, असेच प्रश्न वाळपई आणि काणकोणहूनही)

मासे बंद करू नका. वेळ बदला.

डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, द्यावा लागतो. हा स्वतः एक अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना तो ज्या वाहकावर बसतो, त्याच वाहकावर मासे, डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही बसतात. बांगड्याचं हुमण (कालवण) आणि डाळ पोटात असताना गोळी घेतली की तिला जागाच मिळत नाही. शिवाय जड जेवणानं पोट उशिरा रिकामं होतं आणि गोळी तिथेच पडून राहते. ती शोषली जाते लहान आतड्यात, पोटात नव्हे.

म्हणून गोळी जेवणाआधी निदान अर्धा तास किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. दिवसाला चार गोळ्या असतील तर गोव्यातल्या घराचा दिवस असा बसवता येतो : सातला गोळी आणि पाऊण तासानं चहा-पाव. अकराला गोळी आणि साडेअकराला पेज. आपली पेज-लोणच्याची जुनी सवय इथे फार उपयोगी पडते, कारण पेजेत प्रथिनं अगदी थोडी. जेवण एकला, त्यात भात, भाजी, सोलकढी आणि माशाची तुकडी लहान. तीनला गोळी. सातला गोळी आणि मोठी तुकडी रात्रीच्या आठच्या जेवणात, कारण रात्री हालचाल कमी लागते. प्रथिनं एकूण कमी करायची नाहीत. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ४८ ते ६० ग्रॅम हवीतच, नाहीतर स्नायू झडतात आणि माणूस जास्त पडतो. ज्यांचा आजार नवा आहे आणि गोळी दिवसभर सारखीच लागू पडते, त्यांनी एवढं काटेकोर होण्याची गरज नाही. त्यांच्या मेंदूत उरलेल्या पेशी डोपामिन साठवून लागेल तसं सोडतात. पेशी आणखी घटल्या की ही साठवण जाते. गोळीचं रक्तातलं प्रमाण सुमारे दीड तासात निम्मं होतं, आणि मग तो चढउतार अंगात दिसू लागतो.

लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा, लोह लेव्होडोपाला बांधून टाकतं. बद्धकोष्ठही गोळी उशिरा लागू पडण्याचं एक कारण आहे, त्याकडे दुर्लक्ष नको. एक गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका. आणि गोळी एकदम बंद तर कधीच करू नका. अंग लाकडासारखं ताठ होणं, खूप ताप आणि भान हरपणं अशी जिवावर बेतणारी अवस्था त्यातून येऊ शकते. रुग्ण दुसऱ्या कारणासाठी इस्पितळात भरती झाला की गोळीच्या वेळा हमखास चुकतात. वेळांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून खाटेला लावा आणि पाळी बदलताना नर्सला दाखवा.

पाकिटावर १०० अधिक १० लिहिलं आहे की १०० अधिक २५, तेही वाचा. पहिला आकडा लेव्होडोपाचा मिलिग्रॅममध्ये, दुसरा कार्बिडोपाचा. कार्बिडोपा मेंदूत जात नाही. लेव्होडोपाचं मेंदूबाहेरच डोपामिन होऊ नये म्हणून तो घातलेला असतो. दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा पोटात गेला तरच हे काम नीट होतं. १०० अधिक १० च्या तीन गोळ्यांत तो फक्त ३० मिलिग्रॅम भरतो. मळमळ, उलटी होते म्हणून गोळी टाकून देणारे अनेक रुग्ण असतात. त्यांनी आधी हा हिशेब डॉक्टरांपुढे मांडावा.

आता खाजकुयली. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतो, वजनाच्या साधारण चार ते सहा टक्के. आयुर्वेदात कंपवातावर ती वापरली जाते आणि बिया दुधात शिजवून, साल काढून घ्यायची रीत आहे. म्हणजे ५ ग्रॅम पुडीत दोनशे-तीनशे मिलिग्रॅम लेव्होडोपा जातो. पण कार्बिडोपाची साथ नसल्यामुळे त्यातला बहुतेक वाटेतच डोपामिन होऊन वाया जातो, मळमळ होते, रक्तदाब घसरतो. आणि दर पुडीत प्रमाण वेगळं. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गोळी आणि पूड दोन्ही घेणं आणि डॉक्टरांना न सांगणं. गोळीतल्या कार्बिडोपामुळे पुडीतला लेव्होडोपाही मेंदूत पोचतो, हातपाय वळवळू लागतात, भास होतात, आणि डॉक्टर आजार वाढला असं समजून बसतात. घ्यायचीच असेल तर दोन्ही वैद्यांना सांगून, आणि गोळीऐवजी नव्हे.

पश्चिम घाटातल्याच दुसऱ्या एका वनस्पतीमुळे हे सगळं उजेडात आलं, हे इथे सांगायलाच हवं. सर्पगंधेपासून काढलेलं रेसर्पिन रक्तदाबावर वापरलं जायचं. चेतापेशींच्या टोकाशी साठवलेलं डोपामिन ते रिकामं करतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचला आणि थोड्या मिनिटांत ते उठून फिरू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी कंपवातानं गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेलं दाखवलं. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे लेव्होडोपा हळूहळू वाढवत देण्याची पद्धत यशस्वी केली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. एक झाड साठा रिकामा करणारं, दुसरं भरणारं, आणि दोन्ही आपल्या रानातली.

आमच्या वडिलांनी आयुष्यात पत्ता हातात धरला नव्हता. कंपवातासाठी प्रामिपेक्सोल सुरू होऊन दोन वर्षं झाली. आता रोज मटका लावतात, जत्रेत रात्रभर जुगाराच्या पटावर बसतात. ठेवी मोडल्या. घरात रोज भांडण. म्हातारपणी चळले असं सगळे म्हणतात. (पेडणे)

तुमचे वडील चळलेले नाहीत. हा त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम असण्याची शक्यता फार मोठी आहे. घरातल्या प्रत्येकाला हे आजच सांगा.

प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधं डोपामिनची जागा घेऊन थेट रिसेप्टरवर बसतात. हालचालींच्या भागात डोपामिन खूप घटलेलं असतं, पण ओढीच्या भागात ते तुलनेनं बरंच शिल्लक असतं. हालचालींना पुरेल इतका डोस तिथे जादा होतो. त्यात या औषधांचा ओढा डी-३ रिसेप्टरकडे, आणि ते नेमके त्या खालच्या भागात जास्त. वर सांगितलेली घसरण आठवा : अपेक्षेपेक्षा कमी मिळालं की डोपामिन क्षणभर खाली येतं आणि माणूस ‘पुरे’ हे शिकतो. गोळी रिसेप्टरवर सतत बसून असल्यानं ही घसरण पोचतच नाही. जिंकल्याची उसळी कळते, हरल्याचा धडा पोचत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रुग्णांच्या अमेरिका-कॅनडातल्या पाहणीत या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांहून थोड्या अधिक जणांना जुगार, अवास्तव खरेदी, अति खाणं किंवा अनावर कामेच्छा यांपैकी काहीतरी होतं. ही औषधं न घेणाऱ्यांत तेच प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होतं.

गोळी तुम्ही स्वतःहून बंद करू नका. आपल्या न्यूरॉलॉजिस्टना याच आठवड्यात भेटा आणि घडलेलं सगळं स्पष्ट सांगा. लाजेपायी पुष्कळ घरांत हे दडवलं जातं आणि डॉक्टरही प्रत्येक वेळी विचारत नाहीत. डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात आणि हालचाल सांभाळायला गरजेप्रमाणे लेव्होडोपा वाढवतात. उतरवताना काहींना धास्ती, घाम, उदासी आणि त्या गोळीचीच तलफ असा त्रास होतो. तो लेव्होडोपानं जात नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. ही पायरी घाईनं उरकली की रुग्ण जुनी गोळी चोरून घेऊ लागतो.

तोवर पैशाची वाट अडवा. बँकेत जाऊन खातं संयुक्त सह्यांवर आणा, कार्ड आणि यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा, ठेवींच्या पावत्या दुसऱ्या घरी ठेवा. हे त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीनं करा. स्वतःत झालेला बदल पुष्कळांना दिसत असतो, थांबता येत नसतं. आणखी एक गोष्ट पाहा : तासन् तास एकच निरर्थक काम, रेडिओ उघडून परत जोडणं, खणातलं सामान पुन्हापुन्हा लावणं. तेही याच गोळीच्या खात्यात येतं. मन फार खचलं असेल तर बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत दाखवता येतं, आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आईला (७२) चक्कर यायची म्हणून दिलेली गोळी वर्षभर चालू आहे, शिवाय ॲसिडिटीची कॅप्सूल. आता चेहरा निर्विकार, चाल मंद. कंपवात झाला का? (म्हापसा)

पाकिटं उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. चक्करेच्या गोळीत सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोल वा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असेल, तर दोन्ही डोपामिनचे रिसेप्टर अडवतात. डोपामिन बनतं, पण बसायला जागा नसते. दिसायला हुबेहूब कंपवात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारांवरची बरीच औषधंही हेच करतात.

सारखेपणा फसवतो, पण खुणा आहेत. खऱ्या कंपवाताची सुरुवात बहुधा एका बाजूनं होते, औषधाचा प्रकार बहुधा दोन्ही बाजूंनी आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत दिसतो. ही औषधं थोड्या दिवसांसाठी लिहिलेली असतात, आणि दुकानातून तीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं आणली जातात. चूक तिथे होते. डॉक्टरांना दोन्ही पाकिटं नेऊन दाखवा. चक्कर-ॲसिडिटीची ही औषधं थांबवल्यावर सुधारणा आठवड्यांत सुरू होते, पुरती व्हायला सहा महिनेही लागतात. मानसिक आजाराचं औषध मात्र परस्पर थांबवायचं नाही. सहा महिन्यांनंतरही लक्षणं राहिली तर आतला कंपवात औषधानं आधी उघडा पाडला असं समजून पुढचा विचार करतात. त्याआधीच आईला लेव्होडोपा सुरू करून घेऊ नका. एका औषधाच्या दोषावर दुसरं औषध चढवल्यासारखं होईल.

कप धरताना, सही करताना हात कापतात. थोडी फेणी घेतली की थांबतात. कंपवात म्हणावा का? (वय ५५, सत्तरी)

बहुधा नाही. कंपवाताचा थरथराट हात मांडीवर निवांत असताना दिसतो आणि काम सुरू केलं की कमी होतो. तुमचा उलटा आहे, कामात येणारा. दोन्ही हातांत, कधी मानेत वा आवाजात, घरात आणखी कुणाला, आणि दारूनं थांबणारा, असा असेल तर तो इसेन्शियल ट्रेमर, हात कापण्याचा एक वेगळाच आजार. कोऱ्या कागदावर हात न टेकता गोगलगायीच्या शंखासारखी वळणं काढा. या आजारात रेघ थरथरती येते, कंपवातात वळणं बारीक होत जातात. तो कागद डॉक्टरांकडे न्या. थायरॉइडची तपासणी करा, आणि दम्याचा पंप किंवा फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तेही सांगा.

इथे डोपामिनचा तुटवडा नसतो, म्हणून लेव्होडोपाचा उपयोग नाही. प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन देतात. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही.

फेणीनं हात थांबतो, कारण दारू गाबाचा दाब वाढवते. उतरली की थरथर पहिल्यापेक्षा जोरानं येते, मग सकाळीच पेला लागतो, आणि एकाचे दोन आजार होतात. रोज भरपूर पिणारा असाल तर एकदम सोडू नका. दबलेला मेंदू मोकळा होताच उसळतो : पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम. इस्पितळात औषधांच्या आधारानं सोडा.

आजोबा सपाट अंगणात चालतात, पण उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. ओढलं तर पडतात. (सांगे)

ओढू नका. दारातून जाताना, वळताना, गर्दीत पाय गोठणं हे या आजारात पुष्कळांना होतं. सवयीची चाल चालवणारी वाट डोपामिनवर चालते. पण डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा कानांना ऐकू येणाऱ्या खुणेवर पाऊल टाकायची मेंदूत दुसरी वाट आहे आणि ती बरीच शाबूत असते. तिला काम द्यायचं.

उंबरठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे तीन-चार आडव्या पट्ट्या चिकटवा. अंतर आजोबांच्या चांगल्या दिवसाच्या पावलाइतकं, साधारण ४० ते ५० सेंटिमीटर. लाल कोब्याच्या जमिनीवर पांढरी किंवा पिवळी चिकटपट्टी, काळ्या शहाबादीवर पिवळी. पावसाळ्यात ओलीनं कडा सुटतात आणि त्यांतच पाय अडकतो, म्हणून दर आठवड्याला तपासा. पट्टीवर पाय ठेवायचा नाही, ती ओलांडायची. पाय गोठला की क्रम असा : थांबा, ताठ उभे राहा, वजन डावीकडे-उजवीकडे झुलवा, मग एक मोठं पाऊल.

ठेकाही उपयोगी पडतो. अर्ध्या मिनिटातली पावलं मोजून दुप्पट करा, तोच वेग ठेवा. चतुर्थीच्या आरतीत वाजतं ते घुमट वाद्य चालेल, पण संथ ठेक्याचं. आरती चढत जाते तसा ठेका धावतो, आणि त्यामागे धावताना पाय अधिक गोठतात. वळताना जागेवर फिरायचं नाही, तुळशीवृंदावनाला घालतो तशी मोठी फेरी घ्यायची.

पडण्याचं कारण दरवेळी पाय नसतो. पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्या, उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ते डॉक्टरांना कळवा. मग पट्ट्यांआधी औषधांचा विचार करावा लागेल.

वय ५८. बांगड्याच्या हुमणातल्या तिरफळाचा वास येत नाही. बायको म्हणते झोपेत लाथा मारता, ओरडता. काही संबंध? (काणकोण)

असू शकतो. नुसता वास जाण्याला सर्दी, सायनस, कोविड अशी बरीच साधी कारणं आहेत, म्हणून आधी नाक तपासून घ्या. पण स्वप्नात स्नायू सैल पडायला हवेत, ते न पडता माणूस स्वप्नाप्रमाणे हातपाय चालवतो, तेव्हा गोष्ट वेगळी. झोपेच्या चाचणीत हे पक्कं झालेल्या बहुतेकांना पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कंपवात किंवा त्याच्या जवळचा आजार होतो, कारण झीज डोपामिनच्या पेशींपर्यंत पोचण्याआधी घ्राणेंद्रिय आणि मेंदूच्या बुंध्यात सुरू झालेली असू शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं, तुमच्या गोळ्यांची यादी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. जुनं बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगा. झीज थांबवणारं औषध आज नाही. दम लागेल असा व्यायाम आठवड्यातून बहुतेक दिवस करा. झोपेतल्या धडपडीवर मेलॅटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात, पण क्लोनाझेपामनं घोरणं आणि श्वास अडकणं वाढतं, म्हणून घोरत असाल तर तसं सांगा. आणि आज रात्रीच पलंगाशेजारचा काचेचा तांब्या आणि टोकदार टेबल हलवा, गादी जमिनीवर घ्या, बायकोनं काही दिवस वेगळं झोपावं. तुमच्या स्वप्नातला मार तिला लागतो आहे.